मीटिंगच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये नाव चुकतंय? आधी आवाज कुठे बसून रजिस्टर केला ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पतसंस्था आहे, १३ संचालक, दर महिन्याला सभा, टेबलाच्या मधोमध एक मोबाईल ठेवून रेकॉर्डिंग होतं आणि त्याचा मजकूर सॉफ्टवेअर काढून देतं. आधी त्यात ‘स्पीकर १’, ‘स्पीकर ४’ असं यायचं. मग सॉफ्टवेअरवाल्याने सांगितलं की प्रत्येकाचा तीस सेकंदांचा आवाज द्या, नावं आपोआप पडतील. तुम्ही सगळ्यांकडून व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट मागवल्या, त्या चढवल्या, आणि आता व्हाईस चेअरमन जे बोलतात ते दुसऱ्याच संचालकांच्या नावावर पडतंय. प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, लिहिताना पंचाईत होते. बरोबर ना?

मी बारा-तेरा वर्षं हेच काम करतोय, आधी कॉल सेंटरची रेकॉर्डिंग, आता बहुतेक बोर्डाच्या आणि कमिटीच्या मीटिंगा. तर सरळ सांगतो, गडबड नव्वद टक्के त्या व्हॉइस नोटमध्येच आहे. सॉफ्टवेअर बदलायच्या आधी नमुने बदला.

कारण असं की एकेका संचालकाने कुठून नोट पाठवली असेल बघा. एकाने शेतावरून, एकाने गाडीत बसून, एकाने दुकानाच्या गल्ल्यावर, फोन तोंडापासून चार बोटांवर धरून. व्हॉट्सॲप तो आवाज ओपस नावाच्या पद्धतीने दाबून छोटा करतं, त्याआधी फोनच स्वतःहून मागचा आवाज कापतो, बारीक आवाज मोठा करतो. आणि सभेत तोच माणूस टेबलापासून सहा फुटांवर, वर पंखा, समोर काच, भिंतीवरून आवाज परत येतोय. मशीनला हे दोन वेगळे आवाज वाटले तर त्यात मशीनचा काय दोष. उलट गंमत अशी होते की ज्याने योगायोगाने शांत मोठ्या खोलीत फोन लांब ठेवून नोट पाठवली त्याचा नमुना सभेच्या आवाजाशी जरा जास्त जुळतो, आणि मग जे कुणाशीच नीट जुळत नाही ते सगळं त्याच्या नावावर जाऊन बसतं. म्हणजे ज्या संचालकांच्या नावावर व्हाईस चेअरमनचं बोलणं जातंय त्यांचा नमुना बहुतेक असाच असेल, एकदा ऐकून बघा.

आता थोडं आतलं सांगतो, कारण हे कळल्याशिवाय पुढचं पटणार नाही. ट्रान्सक्रिप्ट म्हणजे एक काम नाही, तीन कामं आहेत. आवाजाचे शब्द करणं हे एक, व्हिस्पर वगैरे जे २०२२ पासून सगळे वापरतात ते एवढंच करतं, कोण बोललं हे त्याला माहीत नसतं. दुसरं, रेकॉर्डिंगचे तुकडे पाडून कुठला तुकडा कुठल्या एकाच माणसाचा आहे ते गट करणं, याला डायरायझेशन म्हणतात, पायअ‍ॅनोट सारखी फुकट मिळणारी साधनं हे करतात, ‘स्पीकर ४’ इथून येतो. आणि तिसरं म्हणजे त्या गटाला नाव देणं. रजिस्टर केलेला आवाज फक्त या तिसऱ्या पायरीला लागतो. त्यामुळे दुसऱ्या पायरीवर दोन संचालक एकाच गटात कोंबले गेले असतील तर तुम्ही कितीही चांगला नमुना द्या, त्या गटाचा आवाज दोघांची खिचडी असतो आणि नाव कुणाचंही पडू शकतं. म्हणून आधी नावं काढून टाका आणि नुसतं ‘स्पीकर १, २, ३’ वालं ट्रान्सक्रिप्ट दहा मिनिटं ऐकत ऐकत वाचा. गट बरोबर पडलेत पण नावं चुकली, तर दोष नमुन्यांचा. गटच चुकलेत, तर दोष माईकचा किंवा एकावर एक बोलण्याचा, आणि मग नमुने परत घेऊन काही होणार नाही. ही तपासणी कुणीच करत नाही, सगळे थेट ‘परत रजिस्टर करा’ वर जातात.

‘व्हॉइसप्रिंट’ या शब्दानेच निम्मा घोळ केलाय असं माझं मत आहे. १९६२ मध्ये बेल लॅब्जच्या लॉरेन्स कर्स्टा यांनी आवाजाचे आलेख कागदावर काढून त्यांना हे नाव दिलं, बोटाच्या ठशासारखं. अमेरिकेत त्यावरून कोर्टात साक्षी झाल्या, मग १९७९ मध्ये तिथल्या नॅशनल रिसर्च काउन्सिलच्या समितीने सांगितलं की कोर्टात वापरायचं तर फार जपून वापरा. ठसा सकाळी जो असतो तोच संध्याकाळी असतो. आवाज तसा नाही हो. सर्दी झाली, तोंडात सुपारी आहे, नवी कवळी बसवली, आदल्या रात्री भजनाला बसून घसा बसला, की बदलला. आज जे साठवतात तो आलेखही नसतो आणि रेकॉर्डिंगही नसतं, नुसती आकड्यांची एक रांग असते. २०१८ च्या एक्स-व्हेक्टर पद्धतीत साधारण ५१२ आकडे, २०२० च्या एकापा नावाच्या मॉडेलचं जे रूप सगळीकडे वापरतात त्यात १९२. सभेतल्या तुकड्याचेही तेवढेच आकडे काढायचे आणि दोन रांगा एकाच दिशेला झुकतात का ते मोजायचं, झालं. ही मॉडेलं मुख्यतः व्हॉक्ससेलेब नावाच्या साठ्यावर शिकलेली असतात, ऑक्सफर्डच्या मंडळींनी यूट्यूबवरच्या प्रसिद्ध लोकांच्या मुलाखतींतून तो २०१७-१८ मध्ये केला, पहिल्या भागात १,२५१ माणसं आणि दुसऱ्यात सहा हजारांहून जास्त, त्यात इंग्रजीचा भरणा. पण मराठीत बोललं तर चालत नाही असं अजिबात नाही, शब्द कुठले याच्याशी त्याचं देणंघेणं कमी असतं. मला मराठीमुळे त्रास झाल्याचं आठवत नाही, पंख्यामुळे मात्र शंभरदा झालाय.

तर नमुना कसा घ्यायचा. पुढच्या सभेच्या आधी अर्धा तास सगळ्यांना बोलवा. त्याच खोलीत, ज्याच्या त्याच्या नेहमीच्या खुर्चीवर, तोच मोबाईल किंवा माईक त्याच जागेवर. पंखा बंद करू नका, सभेत तो चालू असतो ना, मग आताही असू दे. एकेकाने बोलायचं, बाकीच्यांनी गप्प. हे शेवटचं सोपं वाटतं पण सगळ्यात अवघड आहे, आपल्याकडे कुणी बोलायला लागलं की शेजारचा ‘हां, बरोबर’ करतोच, आणि तो ‘हां’ नमुन्यात गेला की नमुना नासला. एकदा एका ठिकाणी चेअरमनच्या नमुन्यात शेवटची दहा सेकंद शिपायाचं ‘साहेब चहा आणू का’ आणि त्यावरचं संभाषण होतं, ते कुणी ऐकलंच नव्हतं. प्रत्येक नमुना हेडफोन लावून पूर्ण ऐकायचा, याला पर्याय नाही.

आणि वाचायला देऊ नका. सॉफ्टवेअर स्क्रीनवर उतारा दाखवतं, ते सगळ्यांना सोयीचं वाटतं, पण आपली माणसं वाचायला लागली की शाळेत धडा वाचल्यासारखी वाचतात, एका सुरात, जपून. सभेत तोच माणूस थकबाकीवर बोलताना आवाज चढवतो. त्याऐवजी विचारा, यंदा पाऊस कसा झाला, मुलीचं लग्न कुठे ठरलं, मागच्या सभेतला कुठला ठराव पटला नाही. शेवटचा प्रश्न विचारलात तर दोन मिनिटांचं काम दहा मिनिटांवर जाईल पण आवाज एकदम खरा मिळेल. मधली शांतता धरायची नाही, निव्वळ बोलणं एक ते दोन मिनिटं हवं. तीस सेकंदांतही नोंद होते, सॉफ्टवेअर घेतं, पण घेतं म्हणजे चांगलं असतं असं नाही.

याहून चांगला मार्ग हवा असेल तर नमुना वेगळा घेऊच नका. मागच्या दोन-तीन सभांची रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहेत. त्यातून प्रत्येकाचे स्वच्छ तुकडे, जिथे तो एकटा सलग पंधरा-वीस सेकंद बोलतोय असे, हाताने कापून काढा आणि ते जोडून नोंद करा. वेगवेगळ्या दिवसांचा आवाज त्यात येतो, सर्दीचा दिवस, चिडलेला दिवस, सगळं. मी शक्यतो असंच करतो. जे संचालक सभेत तोंडच उघडत नाहीत त्यांच्यासाठी खुर्चीवरचा नमुना. (आणि ते बोलतच नसतील तर त्यांचं नाव चुकण्याचा प्रश्नही येत नाही म्हणा.) फक्त जुन्या सभेचा आवाज या कामाला वापरायलाही त्यांची परवानगी घ्या, त्याचं खाली सांगतो. फाईल डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता ठेवणारी) ठेवा, १६ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाची सोळा हजार मोजमापं, जे सॉफ्टवेअर मागतं तेच. साध्या फोन कॉलवरून घेतलेला नमुना घेऊ नका, त्यात बऱ्याचदा ८ किलोहर्ट्झच असतात, म्हणजे वरचा निम्मा आवाज आधीच उडालेला असतो.

नोंदी झाल्या की एक काम करायचं जे सॉफ्टवेअरवाले सांगत नाहीत. सगळे नमुने एकमेकांशी जुळवून बघायला लावा. १३ जणांच्या ७८ जोड्या होतात. त्यातल्या कुठल्या दोन-तीन जोड्या एकमेकांच्या फार जवळ येतात ते आधीच कळतं. पतसंस्थेत चुलतभाऊ असतात, कधी काका-पुतण्या असतात, एका घरातले आवाज एकमेकांवर जातात. त्या जोडीचे आणखी तुकडे द्या, आणि त्यांच्यापैकी कुणाचं नाव पडलं की ते डोळ्यांखालून घालायचं असं ठरवून टाका.

आता उंबरठ्याचा आकडा. किती जुळलं की नाव द्यायचं, याचा एक आकडा असतो, प्रत्येक मॉडेलचा वेगळा. स्पीचब्रेन नावाच्या फुकट मिळणाऱ्या साधनाच्या तयार कोडमध्ये तो ०.२५ आहे, लोक तोच उचलतात आणि वेदवाक्य धरतात. तो दोन आवाज एकाच माणसाचे आहेत का नाहीत एवढ्या प्रश्नासाठी आहे, तुमच्या खोलीतल्या १३ जणांसाठी नाही. तुमच्या स्वतःच्या एका सभेवर हाताने खरी नावं लिहा आणि कुठल्या आकड्याला चुका कमी होतात ते बघा, दोन तासांचं काम आहे. शिवाय पहिला आणि दुसरा यांच्यात अंतर किती हेही बघायला सांगा. एकाला ०.६१ आणि दुसऱ्याला ०.५९ मिळाले तर पहिल्याचं नाव टाकणं म्हणजे छापा-काटा. अशा वेळी ‘अनोळखी’ लिहून यायला हवं. सॉफ्टवेअरमध्ये ‘अनोळखी’ हा पर्यायच नसेल आणि ते प्रत्येक वाक्याला कुणाचं तरी नाव चिकटवतच असेल तर माझा सल्ला, ते प्रोसिडिंगसाठी वापरू नका. रिकामी जागा तुम्ही ऐकून भरता. चुकीचं नाव मात्र वाचून पुढे जाता, ते दिसतच नाही.

माझ्याबरोबर घडलेलं सांगतो. एका संस्थेत लेखापरीक्षक सभेला आले होते, त्यांचा आवाज अर्थातच नोंदवलेला नव्हता. त्यांनी दोन कर्जखात्यांच्या तारणावर कडक शेरा मारला. ट्रान्सक्रिप्टमध्ये तो शेरा एका संचालकाच्या नावावर आला, आणि तो संचालक त्या दिवशी सभेला हजरच नव्हता. मसुदा तसाच सगळ्यांना ईमेलने गेला. पुढच्या महिन्यात काय झालं असेल याची कल्पना करा. सेटिंग मीच केलेलं होतं, त्यामुळे शिव्या मलाच बसल्या आणि बसायलाच हव्या होत्या. तेव्हापासून माझा नियम, आधी हजेरीपत्रक भरायचं, मग ट्रान्सक्रिप्ट. जे हजर आहेत तेवढ्यांच्याच आवाजांशी जुळवायचं, वर ‘अनोळखी’ची सोय ठेवायची. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये सभेपुरती माणसं निवडता येतात, तुम्ही तेराच्या तेरा ठेवून देता म्हणून गोंधळ. नऊ हजर असतील तर नऊच ठेवा. पाहुणा येणार असेल तर सुरुवातीला त्यांना नाव आणि हुद्दा सांगायला लावा, ते मजकुरातच येतं आणि तुम्हाला तो ‘अनोळखी’ कोण ते लगेच सापडतं.

यावरूनच सूचक-अनुमोदकाचं सांगतो कारण तुमचं खरं दुखणं तेच असणार. ठराव वाचला की चारी बाजूंनी ‘मंजूर, मंजूर’ होतं. तो ‘मंजूर’ पाव-अर्ध्या सेकंदाचा, त्यात चार जणांचे एकावर एक. जगातलं कुठलंही मॉडेल त्यातून आधी कोण म्हणालं ते खात्रीने सांगणार नाही, दोन-तीन सेकंदांच्या खालचं बोलणं असेल तर मी नावावर विश्वासच ठेवत नाही. इथे तंत्रज्ञान नको, चेअरमनसाहेबांना एक सवय लावा. ठराव झाला की त्यांनी मोठ्याने म्हणायचं, ‘सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर.’ नाव मजकुरातच आलं, आवाज ओळखायची गरजच राहिली नाही. एका ठिकाणी एवढं केलं आणि सेक्रेटरीबाई म्हणाल्या आता बाकीचं नाही जमलं तरी चालेल.

माईकचं फार लांबवत नाही. मधोमध एक मोबाईल १३ जणांना पुरत नाही, टोकाच्या खुर्च्यांचा आवाज घुमलेला येतो. दोन माईक लावा, किंवा कॉन्फरन्सचा गोल स्पीकरफोन असतो तो घ्या. पण माईक बदलला तर नमुने त्या माईकवर परत घ्या, नाहीतर फिरून तिथेच. आणि काही सभा ऑनलाइन होत असतील, प्रत्येकजण आपापल्या फोनवरून जोडला जात असेल, तर आवाज नोंदवायच्या भानगडीतच पडू नका, कुठल्या फोनवरून आवाज आला ते प्लॅटफॉर्मला आधीच माहीत असतं. पाच जण ऑफिसात एका लॅपटॉपसमोर आणि बाकीचे घरून, अशी सभा असेल तर फक्त त्या पाचांपुरता प्रश्न उरतो.

एक सेटिंग बंद करा, ‘आपोआप शिका’ किंवा असं काहीतरी नाव असतं. दर सभेनंतर मशीन स्वतःच ओळखलेले तुकडे त्या माणसाच्या नोंदीत मिसळत जातं. ऐकायला छान वाटतं. पण एकदा चुकीचं नाव पडलं की चुकीचा आवाज नोंदीत जातो, पुढच्या वेळी ती चूक जास्त खात्रीने होते, सहा महिन्यांत एक संचालक हळूहळू दुसरा होऊन जातो. तुम्ही ऐकून खात्री केलेले तुकडेच मिसळा, वर्षातून एकदा पुरे.

सॉफ्टवेअरवाल्याला हेही विचारा की खाली मॉडेल कुणाचं आहे. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युरवर आवाज ओळखायची स्वतंत्र सेवा होती, ती सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाली, तिच्यावर ज्यांनी घर बांधलं होतं त्यांना दुसरीकडे जावं लागलं. आणि एका मॉडेलचे आकडे दुसऱ्याला कळत नाहीत, मॉडेल बदललं की सगळ्यांची नोंद पहिल्यापासून. मूळ नमुने जपून ठेवले असतील तर त्यावरून परत करता येते, पण मग ते आवाज कुठे आणि कोण सांभाळतंय ही जबाबदारी तुमच्या गळ्यात येते.

आणि परवानगी, हे शेवटी लिहितोय पण करायचं सगळ्यात आधी. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांतच बायोमेट्रिकच्या व्याख्येत ‘व्हॉइस पॅटर्न’ आहे, बोटाच्या ठशाच्या पंगतीला. वर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतायत. ‘ग्रुपवर टाका रे सगळ्यांनी व्हॉइस नोट’ ही परवानगी नव्हे. साध्या मराठीत अर्ध्या पानाचा कागद करा, आवाज कशासाठी घेतोय, फक्त सभेच्या मजकुराला नाव लावायला, हजेरीला नाही, कर्जाच्या कामाला नाही, कुठे साठवणार, आणि संचालक मंडळाची मुदत संपली किंवा राजीनामा दिला की पुसणार. सही घ्या. एखादे संचालक नाही म्हणाले तर वाद घालू नका, ते ‘अनोळखी’ म्हणून येतील, तुम्ही हाताने नाव लिहा, एका माणसाचं काम ते किती. हे वाचणारं कुणी पुण्यातल्या आयटी कंपनीत असेल आणि तिकडे शिकागोची माणसं मीटिंगमध्ये असतील तर त्यांच्या इलिनॉय राज्याच्या २००८ च्या कायद्यात ‘व्हॉइसप्रिंट’ हा शब्द थेट लिहिलेला आहे, आधी लेखी संमती लागते, नाहीतर हजार ते पाच हजार डॉलरपर्यंतचा दावा लागू शकतो, तिथे आधी वकिलाला विचारा.

अजून एक, कारण पतसंस्थेत निवडणुका असतात आणि निवडणुका म्हटलं की तंटे असतात. उद्या कुणी म्हणालं की मी असं बोललोच नाही, तर सॉफ्टवेअरने लावलेलं नाव हा पुरावा समजू नका. गुन्ह्याच्या तपासात आवाजाचा नमुना द्यायचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये रितेश सिन्हा खटल्यात तसं सांगितलं आणि आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ मध्ये ते आहे, पण ती तपासणी प्रयोगशाळेत तज्ज्ञ करतात, तो वेगळा विषय. तुमच्यासाठी मूळ रेकॉर्डिंग, त्यातली वेळ, आणि तुम्ही ऐकून केलेली दुरुस्ती एवढंच कामाचं.

व्हाईस चेअरमनच्या बाबतीत लगेच करायचं ते म्हणजे त्यांची व्हॉइस नोट काढून टाका, मागच्या सभेतले त्यांचे चार-पाच तुकडे कापून तीच सभा परत चालवून बघा. आणि त्यांनी ती नोट कुठून पाठवली होती ते विचारून मला कळवा, माझा अंदाज आहे चालत्या गाडीतून, खिडकी उघडी ठेवून.